मॅच आणि गाणं एकाच रात्री असेल तर

पडद्यावर मॅच दाखवणाऱ्या आणि बँडही ठेवणाऱ्या पबमध्ये पहिल्यांदाच जातोयस, तर आधी त्या दिवशीचा कार्यक्रम नीट बघून घे. मॅच आणि बँड एकाच संध्याकाळी असले की घोळ ठरलेलाच. फुटबॉलचे दोन डाव ४५-४५ मिनिटांचे, मध्ये १५ मिनिटांची सुट्टी, म्हणजे दोन तासांत मोकळे, असं वाटतं. पण बाद फेरीत बरोबरी झाली की बहुतेक वेळा आणखी ३० मिनिटं, आणि वर पेनल्टी. तोवर बँडवाले वाद्यं लावून ताटकळत बसलेले. म्हणून आधीच फोन करून विचार: मॅच लांबली तर पडद्याचा आवाज राहणार की जाणार? मी एकदा विचारलं नव्हतं. सगळ्या पेनल्ट्या मुक्या बघितल्या, मागे ड्रमचा दणदणाट!

बसायला स्पीकरच्या तोंडाशी जाऊ नकोस. १०० डेसिबलला १५ मिनिटं म्हणजे कानांची मर्यादा संपली, असं धरतात. इअरप्लग खिशात असू दे, लाजायचं काय त्यात? गाणं सगळ्यात छान लागतं ते साउंडवाल्याच्या टेबलाजवळ, कारण तो स्वतःच्या कानांना पटेल तसाच आवाज लावतो. फक्त तिथून पडदा दिसतो का, तेवढं आधी बघ.