क्नुडसेन पद्धतीत बाष्पदाब कमी येतो, तर नवा तराजू घ्यावा का?

निदान आत्ता तरी घेऊ नये. या पद्धतीत निर्वातात ठेवलेल्या पात्राच्या बारीक छिद्रातून किती बाष्प निसटले, हे वजनघटीवरून मोजून बाष्पदाब काढतात. बेन्झोइक आम्लाचा बाष्पदाब ज्ञात मूल्यापेक्षा २० टक्क्यांनी कमी येतो, पण वजनघट दर वेळी सारखीच मिळते, असे आपण लिहिले आहे. मग संशय तराजूवर का घ्यायचा?

मी संशोधक विद्यार्थी असताना याच पदार्थावरून, अशाच तुटीवरून आमच्या प्रयोगशाळेत मोठा वाद झाला होता. छिद्रातून निसटलेले मोजके मिलिग्रॅम मोजायचे असल्याने सारी अचूकता तराजूवरच अवलंबून आहे, असे एका वरिष्ठांचे ठाम मत होते. ते मला तेव्हाही पटले नाही. या आम्लाच्या संप्लवनाला (घनाचे थेट बाष्प होण्याला) मोलमागे सुमारे ९० किलोज्यूल लागतात. त्यामुळे २९८ केल्व्हिनजवळ तापमान एका अंशाने चुकले, तर बाष्पदाब सुमारे १२ टक्क्यांनी चुकतो, आणि १० मिलिग्रॅमच्या घटीत ०.१ मिलिग्रॅमची चूक झाली, तर तो एकाच टक्क्याने चुकतो. आमचे थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) पात्राच्या भिंतीला बाहेरून नुसते टेकवलेले होते. निर्वातात अशा स्पर्शातून उष्णता नीट पोहोचत नाही, त्यामुळे ते भोवतालच्या उबदार आवरणाकडेच झुकलेले तापमान दाखवत असे. शिवाय संप्लवनाने नमुना स्वतः थोडा थंडावतो, तो भाग वेगळाच. पात्राच्या तळातील धातूत खाच करून मी थर्मोकपल आत बसवले, तेव्हा दोन्ही वाचनांत जवळजवळ दोन अंशांचा फरक दिसला आणि तूट बव्हंशी भरून निघाली. तरीही अहवालात श्रेय त्याच सुमारास आलेल्या नव्या तराजूला दिले गेले, हे मला आजही मान्य नाही.

छिद्राकडे मात्र अवश्य पाहावे. क्नुडसेन यांचे १९०९ मधील सूत्र अतिशय पातळ कडेच्या छिद्रासाठी आहे. पत्र्याची जाडी छिद्राच्या व्यासाइतकी असेल, तर आत शिरलेल्या रेणूंपैकी जेमतेम निम्मेच बाहेर पडतात, आणि क्लाउसिंग गुणक (छिद्राच्या जाडीसाठीची दुरुस्ती) न लावल्यास दाब तितकाच कमी भासतो. रेणूंचा सरासरी मुक्त पथ (दोन टकरींमधले सरासरी अंतर) छिद्राच्या व्यासापेक्षा बराच मोठा आहे ना, हेही तपासावे.

अर्थात एकूण घटच एखाद-दुसऱ्या मिलिग्रॅमची असेल, तर तराजूचा मुद्दा खरा ठरतो. तसेच मोठ्या छिद्राने दाब लहान छिद्रापेक्षा कमी येत असेल, तर पात्रातील बाष्प संपृक्त राहत नाही, म्हणजे निसटलेल्या बाष्पाची भरपाई तितक्या वेगाने होत नाही, असे समजावे. तेव्हा निरनिराळ्या आकारांच्या छिद्रांनी दाब मोजून त्याचा आलेख छिद्राच्या शून्य क्षेत्रफळापर्यंत वाढवावा लागेल.