हाडात बसवायच्या मॅग्नेशियम इम्प्लांटवर कोटिंग सुरू करताय? आधी एवढं सांभाळा
एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, कोटिंगने गंज कायमचा थांबवायचा नाहीये, हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण १२ आठवडे, तो लांबवायचाय आणि मग धातू विरघळायलाच हवा.

नवीन लोक थेट भारीभारी कोटिंगच्या मागे लागतात, पण बिघडतं ते पृष्ठभागावर. पॉलिश करताना शेवटी पाण्याऐवजी इथेनॉल वापरा, लगेच सुकवा, आणि कडा नीट गोल करा, कारण तीक्ष्ण कडेवर थर पातळ बसतो आणि गंज तिथूनच आत शिरतो, मधला भाग मस्त चकचकीत असला तरी उपयोग नाही.

टेस्टिंगमध्ये:
- नमुना बुडवायचं, शरीरातल्या द्रवासारखं द्रावण ३७ अंशांवर ठेवा आणि भरपूर घ्या, थोडं असलं की पीएच भराभर वाढतो, गंज मंदावतो आणि कोटिंग उगाच भारी वाटतं
- बिनकोटिंगचा नमुना सोबत हवाच
- गंजताना निघणारा हायड्रोजन मोजा, गंजलेल्या १ मिलिग्रॅम मॅग्नेशियममागे जवळपास १ मिलिलिटर गॅस निघतो, स्वस्त आणि भरवशाची पद्धत

सुरुवातीला साधं कॅल्शियम फॉस्फेट पुरे. फ्लोराइड कोटिंगला हायड्रोफ्लोरिक ॲसिड लागतं, ते जाम घातक आहे, ट्रेनिंग आणि जाणकार माणूस सोबत असल्याशिवाय हात लावूच नका. प्लाझ्मा कोटिंग वगैरे नंतर बघू, आधी एकाच पद्धतीचे तीन नमुने सारखे येऊ देत.