नववीच्या वर्गात डिस्टोपिया: सुरुवात ‘नही’पासून

ताई, डिस्टोपियाच्या, म्हणजे अंधाऱ्या भविष्याच्या या कादंबऱ्या वाचून नववीची मुलं खचतील का, असं तुम्ही विचारलंय. माझी मुलं कधी खचली नाहीत. कंटाळतात मात्र लगेच. ‘हुकूमशाही’ची व्याख्या फळ्यावर लिहून सुरुवात केली, की मागचे बाक गेलेच समजा.

मी धुळे जिल्ह्यात खेड्यावर शिकवतो. ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्ये (१९४९) सरकार भाषेतले शब्दच कमी करत जातं, बंडाचा विचार करायलाही शब्द उरू नये म्हणून. मी तेवढंच उचलतो. मुलांकडून घरचे अहिराणी शब्द फळ्यावर लिहून घेतो: बठ्ठा (सगळा), आंडोर (मुलगा), आठे (इथे), तठे (तिथे), नही (नाही). रोज दोन पुसायचे. पुसलेला शब्द वर्गात बोलायचा नाही, त्याचा मराठी जोडीदारही नाही. एका वर्षी पोरांनी हसत हसत ‘नही’ पुसला. लगेच शेजारच्याने एकाकडे पेन मागितलं. याला द्यायचं नव्हतं. तोंड उघडलं, मिटलं, आणि पेन मुठीत आवळून तो बसून राहिला. हसणं थांबलं. मग कादंबरीतला तो उतारा वाचला, तर समजावण्यासारखं फार उरलंच नव्हतं.

‘सर, अहिराणी बोलू नका असं तर शाळाच सांगते,’ हेही त्या तासाला कुणीतरी बोलतंच. बोलू द्या. मीही पूर्वी मुलांना टोकायचो, ते मी वर्गासमोर कबूल केलं.

ऑर्वेलची ही कादंबरी अख्खी देऊ नका, त्यातला छळ या वयाला फार जड आहे. सातवी-आठवीला लोइस लोरीची ‘द गिव्हर’ (१९९३) चांगली, नायक बारा वर्षांचा आहे. इंग्रजी झेपत नसेल तर गोष्ट मराठीत सांगा.

शेवटी मात्र ब्रॅडबरीची ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) घ्याच. पुस्तकं जाळणाऱ्या राज्यात काही माणसं पुस्तकं तोंडपाठ करून जपतात. तिथून मी थेट आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंवर येतो. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी गाणी उतरवून ठेवली, म्हणून त्या गेल्यावर, १९५२ साली, त्यांचं पुस्तक निघालं. मग गृहपाठ: कुठेच न छापलेली एक ओवी आजीकडून पाठ करून आणायची. मुली दुसऱ्याच दिवशी आणतात. मुलांना आजीजवळ बसायला जरा वेळ लागतो, त्यांना आठवडा द्या.