ती सारंगी कुणाची?

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. 'सॅम्पलवर केलेलं गाणं म्हणजे उचलेगिरी' हे कुणीतरी बोललेलं तुझ्या मनाला लागलंय. सॅम्पल म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातला कापून घेतलेला तुकडा, एवढंच ना? माझ्या लेखी अशा गाण्याचा मान स्वतःच्या चालीवर बांधलेल्या गाण्याइतकाच आहे.

अठराव्या शतकातल्या सदारंग या ख्याल रचणाऱ्या गायकाच्या बंदिशी आजही गायल्या जातात. बंदिश स्वतःची नाही म्हणून मैफल कमी ठरत नाही. पण सॅम्पलचं एक वेगळं आहे. बंदिशीत साचा मिळतो, तर सॅम्पलमध्ये दुसऱ्याचा प्रत्यक्ष हात, त्याचा श्वास तुझ्या गाण्यात येतो. म्हणून इथलं ऋण जास्त.

हेडफोन लावून द विन्स्टन्स या अमेरिकी बँडचं 1969 सालचं 'आमेन, ब्रदर' ऐक. मधे सगळी वाद्यं थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटा ड्रम वाजवतो. फक्त चार बार, म्हणजे तालाची चार छोटी आवर्तनं, जेमतेम सात सेकंद. पहिले दोन सरळ. तिसऱ्यात स्नेअरचा, म्हणजे कडक आवाजाच्या ड्रमचा, ठोका किंचित उशिरा पडतो, चौथ्यात पहिला ठोका रिकामाच सोडलाय. त्या रिकाम्या जागेत जीव आहे. नव्वदच्या दशकात इंग्लंडमधल्या पोरांनी हेच ठोके कापले, वेग वाढवला, उलटसुलट जोडले आणि जंगल नावाचं अख्खं संगीत उभं केलं. त्याला नक्कल कोण म्हणेल? कोलमनला मात्र त्यातून काहीच मिळालं नाही. 2006 साली तो गेला तेव्हा डोक्यावर छप्परही नव्हतं. हे आठवलं की मला आजही त्रास होतो.

आपल्याकडचंही बघ. 2002 साली ट्रूथ हर्ट्स या अमेरिकी गायिकेच्या 'अ‍ॅडिक्टिव्ह' गाण्यात 'थोडा रेशम लगता है'मधला लताबाईंचा आवाज वाजला, आणि संगीतकार म्हणून आपलं नाव यावं यासाठी बप्पी लाहिरींना अमेरिकेत कोर्टाची पायरी चढावी लागली.

आता तू जुन्या तबकडीवरची सारंगी कापून केलेल्या बीटबद्दल, म्हणजे तू पाठवलेल्या त्या तुकड्याबद्दल. पहिलं मिनिट आळशी आहे, सारंगीचा तुकडा नुसता फिरत राहतो. तो काढ. पण पुढे तू मींडेच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या, मधोमध कापलंस, शेवटचा स्वर खाली ओढलास आणि त्याखाली तबल्याऐवजी शांतता ठेवलीस, तिथे मी दोनदा मागे जाऊन ऐकलं. ते सर्वस्वी तुझं आहे.

फक्त फाईलसोबत सारंगी कुणाची ते लिहिलं नाहीस. जुन्या तबकड्यांवर साथीदारांची नावं बहुधा नसतात, माहीत आहे मला. तबकडीचा नंबर पाठव. जुन्या वादकांचा हात ऐकून ओळखणारी दोन-तीन माणसं माझ्या ओळखीची आहेत, रविवारी त्यांच्याकडे जाऊ.