एकच कागद, बावीस नावं

प्रश्न: नमस्कार ताई, आमचं भजनी मंडळ आहे, आम्ही बावीस जण काठमांडूमार्गे कैलास-मानसरोवरला जायचं ठरवतोय. एजंट म्हणतो ग्रुप व्हिसा होईल, टेन्शन घेऊ नका. पण दोघांना परिक्रमा झाल्यावर वेगळं होऊन ल्हासा बघून यायचंय, आणि एकाच्या पासपोर्टवर ऑफिसच्या कामाचा चीनचा व्हिसा आधीच आहे. चालेल ना? नियम खरंच एवढे कडक असतात का?

उत्तर: हो, कडकच असतात, आणि एजंटने तुम्हाला टेन्शन नको म्हणण्याआधी ग्रुप व्हिसा म्हणजे काय ते नीट समजावून सांगायला हवं होतं. नेपाळमधून जाताना पासपोर्टवर प्रत्येकाचा वेगळा शिक्का मिळत नाही. काठमांडूतल्या चिनी दूतावासात सगळ्यांचे ओरिजिनल पासपोर्ट जमा होतात आणि हातात येतो एक कागद, त्यावर ओळीने सगळ्यांची नावं, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख. बॉर्डरवर त्याच क्रमाने लाइनीत उभं राहायचं, आत सगळे एकत्र जाणार आणि बाहेरही एकत्रच येणार. त्यामुळे दोघांनी ल्हासाला जायचं असेल तर ते आत्ताच, अर्ज करतानाच सांगावं लागेल, त्यांचा वेगळा ग्रुप, वेगळा मार्ग, वेगळं परमिट. तिकडे गेल्यावर बघू हे तिबेटमध्ये चालत नाही. आणि तुमच्या त्या मित्राला आधीच सांगा की ग्रुप व्हिसा काढताना पासपोर्टवरचा चीनचा जुना व्हिसा रद्द करतात. ऑफिसच्या कामाला तो लागणार असेल तर आधी ऑफिसशी बोलून घ्या.

व्हिसा झाला म्हणजे संपलं असंही नाही. तिबेट ट्रॅव्हल परमिट वेगळं, ते तिकडची ट्रॅव्हल कंपनीच काढते, आपण स्वतः अर्ज करू शकत नाही, आणि गाईडशिवाय फिरता येत नाही. फॉर्मवर नोकरीधंदा खरा लिहा. ग्रुपमध्ये कुणी पत्रकार असेल तर एजंटला पहिल्याच दिवशी सांगा, कारण पत्रकारांना साध्या टुरिस्ट परमिटवर तिबेटमध्ये जाता येत नाही आणि ते लपवलं तर अडकतो तो अख्खा ग्रुप.

आजारपणही लपवू नका, हे मी हात जोडून सांगते. आमच्या यात्रेत एका काकांनी फॉर्मवर दमा लिहिलाच नव्हता, नाही म्हणतील या भीतीने. कैलासच्या पायथ्याच्या दारचेन गावात रात्री त्यांना श्वास घेता येईना. ऑक्सिजन लावला, काकू शेजारी त्यांचा हात धरून बसलेल्या, आणि गाईड पोरगा टॉर्चच्या उजेडात तो व्हिसाचा कागद मांडीवर घेऊन, काकांच्या नावाखाली नख ठेवून फोनवर कुणाला तरी पासपोर्ट नंबर एकेक आकडा करून सांगत होता, कारण त्यांना लगेच खाली न्यायचं तर त्यांची नावं ग्रुपमधून तोडून वेगळा कागद करावा लागतो, त्याशिवाय बॉर्डरवरून सोडत नाहीत. काका वाचले. पण काकूंची परिक्रमा राहिली ती राहिलीच, आणि आमची एका दिवसाने पुढे गेली. मानसरोवर साडेचार हजार मीटरच्या वर आहे, परिक्रमेतली डोल्मा ला खिंड ५६०० मीटरच्या वर, तिथे फॉर्मवर काय लिहिलं होतं याला शरीर विचारत नाही. डॉक्टरांकडून सगळ्यांची नीट तपासणी करून घ्या आणि एखाद्याला नको म्हणाले तर त्याला नेऊ नका, वाईट वाटलं तरी.

प्रश्न: माझी आई ७१ वर्षांची आहे, तब्येत एकदम ठणठणीत. सरकारी यात्रेत नाव घालता येईल का?

उत्तर: नाही हो. परराष्ट्र मंत्रालयाच्या यात्रेत वयाची अट १८ ते ७० आहे. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ किंवा त्याहून कमी लागतो, पासपोर्ट त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून निदान ६ महिने व्हॅलिड हवा, आणि नाव कॉम्प्युटरच्या सोडतीत लागावं लागतं. २०२० पासून बंद असलेली ही यात्रा २०२५ मध्ये सुरू झाली तेव्हा उत्तराखंडातल्या लिपुलेख खिंडीतून ५ आणि सिक्कीममधल्या नथू ला खिंडीतून १० तुकड्या, प्रत्येकी ५० जण, म्हणजे एकूण ७५० लोक. त्यांना एक संमतीपत्रही द्यावं लागतं, चीनच्या हद्दीत मृत्यू झाला तर तिथेच अंत्यसंस्कार करायला हरकत नाही असं. खाजगीने न्यायचा विचार करत असाल तर आईंशी याविषयीसुद्धा मोकळेपणाने बोला, आधी मीही हे टाळायचे, आता टाळत नाही.

प्रश्न: सामानात काय नेऊ नये? माझ्या मोबाइलमध्ये हिमाचलमधल्या धर्मशाळेच्या, म्हणजे दलाई लामा राहतात त्या गावच्या ट्रिपचे फोटो आहेत.

उत्तर: दलाई लामांचा फोटो, पुस्तक, तिबेटचा झेंडा यातलं काहीही नको, ना बॅगेत ना मोबाइलमध्ये. चेकपोस्टवर मोबाइल उघडून बघू शकतात. फोटो घरच्या कॉम्प्युटरवर ठेवून मोबाइलमधून काढून टाका, डिलीट केलेल्यांच्या फोल्डरमधूनही. ड्रोन आणि सॅटेलाइट फोन घरीच. चेकपोस्टचे, सैनिकांचे फोटो काढायचे नाहीत. सरोवरात उतरून आंघोळ करू देत नाहीत, बादलीत पाणी काढून काठापासून लांब करायची, आणि फुलं, अगरबत्तीची पाकिटं काठावर टाकून येऊ नका प्लीज.

अजून एक, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. गाईड बहुतेक वेळा तिबेटीच असतो. त्याला दलाई लामांबद्दल, तिकडच्या सरकारबद्दल प्रश्न विचारू नका, खाजगीतही नको, कितीही आपुलकी वाटली तरी. आपण आठ-दहा दिवसांत घरी येतो, त्याला तिथेच राहायचंय. आमचा गाईड पोरगा असा प्रश्न आला की नुसता डोंगराकडे बघायचा, आणि मला ते समजायला तीन दिवस लागले.

व्हॉट्सॲप तिकडच्या वायफायवर चालत नाही, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. आणि घड्याळ बीजिंगचं, आपल्या अडीच तास पुढे, बॉर्डर किती वाजता बंद होते ते त्याच वेळेने विचारा.