सिग्नलला थांबताना गाडी बंद पडते

प्रश्न: माझी पेट्रोल कार जुनी आहे, इंजेक्शनवाली. जागेवर कितीही वेळ चालू ठेवा, आयडलिंग एकदम मस्त. पण चालत्या गाडीत क्लच दाबून सिग्नलला थांबायला गेलो की आरपीएम खाली पडतो आणि गाडी बंद. लगेच स्टार्टपण होते. प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, मेकॅनिकने आयडल वाढवून बघितला, काही फरक नाही. स्पीडोमीटरचा काटा मधूनच थरथरतो, त्याचा काही संबंध?

उत्तर: आहे ना, आणि तुम्ही लिहिलंय त्यात सगळ्यात कामाचं तेच आहे! बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सवर वेगाचा सेन्सर असतो. तुम्ही अॅक्सिलरेटर सोडला की इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्याच्यावरून ओळखतो की गाडी अजून पळतेय, मग आयडल व्हॉल्व्ह (आयडलिंगसाठी हवा सोडणारा) थोडा उघडा ठेवून आरपीएम हळूहळू खाली आणतो. सेन्सरचा सिग्नल मधेच गेला तर इसीयूला वाटतं गाडी उभीच आहे, हवा कमी पडते आणि इंजिन बंद पडतं. जागेवर वेग तसाही शून्यच, म्हणून तिथे काही कळत नाही. उभ्या गाडीतच इंजिन थरथरत असतं तर मी आधी फाटलेला व्हॅक्यूम पाइप शोधायला सांगितलं असतं.

स्कॅनरवर पी०५०० कोड (वेगाच्या सेन्सरचा बिघाड) आला तर संशय पक्काच, पण नाही आला म्हणून सेन्सरला सोडून देऊ नका, काटा थरथरतोय तोवर तपासायचंच. आणि लगेच नवा सेन्सर घेऊ नका हो, चोर सोडून संन्याशाला फाशी नको. आधी कनेक्टर काढून बघा, आत गिअर ऑइल झिरपलेलं असतं, पिनांवर हिरवट थर असतो, कधी नुसतं साफ करून काम होतं. तीन वायरींचा सेन्सर असेल तर पुढचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवरच राहू द्या (खाली स्टँड लावाच, एकट्या जॅकवर विसंबू नका), गिअर न्यूट्रल, इग्निशन ऑन, आणि कनेक्टर जोडलेला ठेवूनच चाक हाताने हळू फिरवत सिग्नल वायरचं व्होल्टेज बघा. ते शून्य आणि साधारण ५ किंवा १२ व्होल्ट यांच्यात खालीवर व्हायला हवं. एकाच जागी अडकलं तर सप्लाय आणि अर्थिंग तपासा, ते ठीक असेल तर सेन्सर काढून त्याचा प्लॅस्टिकचा गिअर बघा, दात झिजलेले असले तर सेन्सर चांगला असूनही फिरतच नाही. अजून जुन्या, स्पीडोमीटर केबलवाल्या गाडीत हा सेन्सर म्हणजे मीटरमधलाच एक स्विच असतो, तिथे आधी केबल तपासा.

आणि वाढवलेला आयडल परत होता तिथे आणा, नाहीतर सेन्सर ठीक झाला तरी आरपीएम चढाच राहील.