वजनात बसलं का?

मी समुपदेशक. कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग, एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती असं सगळं चालणारा लढतीचा खेळ) खेळणारी मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात एक वाक्य हमखास येतं : "सगळेच वजन तोडतात. मी एकट्यानं नाही तोडलं तर माझ्यावरच अन्याय होईल ना?" पालकांच्या तोंडी तीच काळजी वेगळ्या शब्दांत येते : "पोर दोन दिवस पाण्याचा थेंब घेत नाही. थांबवावं, तर त्याचं करिअर बुडवल्याचं पाप माझ्या माथी येईल." वजन तोडणं म्हणजे खालच्या वजनगटात बसण्यासाठी स्पर्धेआधी घाईघाईनं वजन उतरवणं. हे इतक्या वेळा ऐकलं, की आता एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. एका मुलाच्या परवानगीनं त्याची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो 19 वर्षांचा, फ्रीस्टाइल कुस्ती खेळणारा. एरवीचं वजन 68 किलो, खेळायचा 61 किलोच्या गटात. म्हणजे दर स्पर्धेआधी सात किलो, शरीराच्या दहा टक्क्यांहून जास्त. त्यातले शेवटचे तीन-चार किलो दोन दिवसांत घालवायचे : जेवण बंद, पाणी बंद, घाम काढणारा सूट घालून धावायचं, सौनात, म्हणजे तापवलेल्या खोलीत बसायचं, तोंडातली लाळसुद्धा थुंकून टाकायची. मागच्या स्पर्धेच्या आदल्या रात्री तो बाथरूममध्ये चक्कर येऊन पडला. शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द निघाला तो, "वजनकाटा?" त्यामुळे आई त्याला घेऊन आली होती. तिनंच रडवेल्या आवाजात सांगितलं, "माझंही चुकतंच. स्पर्धेच्या सकाळी फोन केला की मी आधी विचारते, वजनात बसलं का?"

माझं तोंड बंद करायची तयारी तो करूनच आला होता.

"मॅडम, पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाटचं काय झालं? फक्त 100 ग्रॅम जास्त भरली आणि बाद! अजून थोडं तोडता आलं असतं, तर फायनल खेळली असती."

"पहिल्या दिवशी तर तिचं वजन बसलं होतं. मग रात्रीतून वाढलं कसं?"

"तीन कुस्त्या झाल्या. मग खाल्लं, पाणी प्यायली."

"म्हणजे शरीरानं काय केलं?"

तो जरा थांबला. "त्याचं गेलेलं परत घेतलं."

त्या दिवशी मी तिथंच थांबले. सूट घालून धावताना जातं ते पाणी, चरबी नव्हे. पाणी गेलं की रक्तातला द्रव घटतो आणि तेवढंच काम करायला हृदयाला जास्त धडधडावं लागतं. घाम आटला की आतली उष्णता बाहेर पडत नाही. मूत्रपिंडांवर ताण येतो, क्षारांचा तोल बिघडतो, आणि हृदयाची लय त्याच क्षारांवर चालते. 1997च्या अखेरीस अमेरिकेत पाच आठवड्यांच्या आत तीन कॉलेज कुस्तीगीर वजन तोडताना मरण पावले. तिघंही तरुण, धडधाकट. 2015मध्ये चीनचा एमएमए खेळाडू यांग जियानबिंग लढतीआधी असाच गेला. हे मी त्याला सांगितलं, पालकांनाही सांगते. पण केवळ भीतीनं मुलं बदलत नाहीत, हेही मी पाहिलं आहे. प्रत्येकाला वाटतं, त्यांना जमलं नाही, मला जमतं. माझी कामाची श्रद्धा वेगळी आहे : माणूस स्वतःला त्रास देतो तेव्हाही त्यातून काहीतरी राखत असतो. काय राखतोय ते त्याला स्वतःला दिसेपर्यंत त्याची मूठ सुटत नाही.

चौथ्या भेटीत मी त्याला मागच्या सहा स्पर्धांबद्दल विचारलं. त्यानं धडाधड आकडे सांगितले : 60.9, 61.0, 60.8... दशांशासकट. "आणि कुस्त्या?" निकाल आठवत होते, डाव आठवत नव्हते. "पहिली दोन मिनिटं झाली की पाय जड होतात. पुढचं धूसर आहे."

"बरं, सरावातली एखादी सांग."

तो खुर्चीतून उठलाच. जोडीदारानं पट काढायला, म्हणजे पाय ओढून पाडायला हात घातला, यानं पाय मागे टाकले, मान दाबली, वळसा घेऊन पाठीमागून ताबा घेतला. माझ्या छोट्याशा खोलीत त्यानं ती कुस्ती पुन्हा खेळून दाखवली. चेहरा उजळला होता.

"या जोडीदाराचं वजन किती?"

"चौऱ्याहत्तर."

"तुझं तेव्हा?"

"अडुस..."

शब्द अर्ध्यातच राहिला. मी काही बोलले नाही. इतक्या वर्षांत ही शांतता मला ओळखता येऊ लागली आहे. तिच्यात समुपदेशकानं एक शहाणपणाचं वाक्य जरी टाकलं, तरी समोरच्याच्या हाताला लागलेलं निसटतं. दोनेक मिनिटांनी तो हळू म्हणाला, "मी रोज सहा किलो जास्त असलेल्याशी खेळतो. कधीकधी जिंकतोसुद्धा." आणि मग खालच्या आवाजात : "पण वरच्या, 65च्या गटात मला कोण ओळखतं? माझं नाव 61मध्ये आहे."

तो मोठ्या पैलवानाला घाबरत नव्हता. सोळाव्या वर्षी खालच्या गटात पहिलं पदक मिळालं, तेव्हा घरात, सरावात, सरांच्या नजरेत त्याला एक जागा मिळाली. पुढे हाडापेरानं तो वाढला, पण ती जागा जुन्या आकड्यापाशीच राहिली होती. तो सात किलो वजन तोडून दर वेळी त्या जागेवर परत जात होता. हे त्याला दिसलं, त्यानंतरचं काम सोपं नव्हतं, पण सरळ होतं.

तरी त्याचा अन्यायाचा प्रश्न खराच होता आणि तो मी कधीही झटकून टाकत नाही. वजनगट कशासाठी असतात? लहान अंगाच्या खेळाडूला मोठ्याकडून इजा होऊ नये म्हणून. दोघांनीही सारखंच वजन तोडलं, तर दोघांतला फरक होता तेवढाच राहतो, फक्त दोघं सुकलेले असतात. फायदा होतो तो समोरच्यानं तोडलं नसेल तेव्हाच, म्हणजे ज्याच्या रक्षणासाठी तो आकडा ठरला त्याच्याच खिशातून. ठोशांच्या खेळात तर वजन आदल्या दिवशी झालं, की रात्रभरात भरून आलेलं शरीर दुसऱ्याच्या डोक्यावर ठोसे मारतं. हे बोलल्यावर तो म्हणाला, "पण मी एकट्यानंच का सोडायचं?" मी म्हटलं, "खेळ सुधारायचं ओझं तुझ्यावर नाही. तू फक्त बघ, कोणत्या वजनात तुला कुस्ती आठवते."

एकट्याला जमत नाही ते नियम करू शकतात. 1997नंतर अमेरिकेच्या कॉलेज कुस्तीत घामाचे सूट आणि तापवलेल्या खोल्यांवर बंदी आली, वजन लढतीच्या जवळ घेऊ लागले, आणि शरीरात पुरेसं पाणी असल्याचं तपासून, चरबी मोजून प्रत्येकाचं किमान वजन ठरवलं जाऊ लागलं. संघटना, प्रशिक्षक, पालक यांनी एकत्र मागणी करावी, ती याची. आणखी एक गोष्ट अनेक घरांत माहीत नसते : लघवी वाढवणाऱ्या गोळ्या उत्तेजकविरोधी नियमांत प्रतिबंधित आहेत. वजन झाल्यावर ताकद यावी म्हणून 12 तासांत 100 मिलिलिटरपेक्षा जास्त सलाइन घेणंही, रुग्णालयातले उपचार सोडले तर, नियमाबाहेर आहे. "सगळे घेतात" म्हणून गोळी देणारा माणूस तुमच्या मुलाचं करिअर पणाला लावत असतो.

पालकांनो, गट स्पर्धेच्या आठवड्यात ठरवू नका. तो कित्येक महिने आधी, क्रीडावैद्यक आणि आहारतज्ज्ञांबरोबर बसून, सरांना सोबत घेऊन ठरवा. सरांकडे तक्रार घेऊन गेलात तर दार बंद होतं, काळजी घेऊन गेलात तर बहुतेकदा उघडतं. वाढीच्या वयातल्या मुलांचं वजन तोडूच नका. मुलीची पाळी थांबली तर "खेळाडूंचं असंच असतं" म्हणून सोडून देऊ नका. शरीर उपाशी आहे, याची ती खूण असते आणि त्याची किंमत हाडं मोजतात. वजन तोडताना कुणी असंबद्ध बोलू लागलं, अंग तापूनही घाम येईना, लघवी बंद झाली, छातीत धडधड वाढली, तर त्या क्षणी स्पर्धा संपली असं समजा आणि थेट रुग्णालय गाठा. एक डुलकी काढली की बरं वाटेल, असं म्हणू नका.

सात महिन्यांत आमच्या अकरा भेटी झाल्या. तीन किलो आठ आठवड्यांत, पाणी न तोडता उतरले आणि तो 65मध्ये उतरला. पहिल्या स्पर्धेत दुसऱ्याच कुस्तीत हरला.

त्या सकाळी आईचा फोन गेला होता. आमचं ठरल्याप्रमाणे तिनं वजनाचं विचारलं नाही, फक्त "झोप झाली का, नाष्टा केलास का," एवढंच. संध्याकाळी तिनं विचारलं, "कुस्ती कशी झाली?" तो क्षणभर गप्प झाला, आणि मग वीस मिनिटं बोलत राहिला. त्यातले निम्मे डाव आपल्याला कळले नाहीत, असं तिनं मला नंतर सांगितलं. पण फोन तिनं ठेवला नाही.